बुजवलेल्या विहिरीतलं पाणी

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या एकुलत्या एका ई-मेल पत्त्यावर एक बातमीपत्र यायचं. ते छापून फलकावर लावणं हे माझं काम. पाठवणारी मंडळी म्हणजे जगभरच्या संशोधकांचा एक समुदाय. त्यांचं म्हणणं एकच: आपण गोळा केलेली माहिती कपाटात कुलूप लावून ठेवायची नाही, ज्याला हवी त्याला वापरू द्यायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, ही माणसं पुण्यात कधी राहिलेली दिसत नाहीत. कसबा पेठेत आमच्या शेजाऱ्यांकडे सकाळचा पेपर मागितला, तर "आमचा अजून वाचून व्हायचाय" हे उत्तर संध्याकाळी पाच वाजताही मिळत असे. आणि इथे लोक आपली वीस-वीस वर्षांची मेहनत अनोळखी माणसाला देऊन वर "जरूर वापरा" म्हणत होते. मला तर आधी शंकाच आली.

बातमीपत्रात एकीकडे बातम्या असत आणि दुसरीकडे कार्यक्रम. बातम्या म्हणजे अमक्या देशाने आपल्या पावसाचे आकडे खुले केले, तमक्याने माशांचे. कार्यक्रम म्हणजे बैठका. त्या कुठल्यातरी गारठलेल्या शहरात भरायच्या आणि तिथे कार्यगट स्थापन व्हायचे. कार्यगट किती असावेत हे ठरवायलाही एक कार्यगट होता. एका बैठकीत दोन दिवस बोलून काय ठरलं, तर पुढच्या बैठकीत यावर सविस्तर बोलावं. आमच्या आळीतल्या गणेश मंडळाची सभा मी लहानपणापासून पाहत आले होते, त्यामुळे मला ह्या मंडळींबद्दल लवकरच आपुलकी वाटायला लागली.

मी तिथे कशी पोचले, तेही सांगते. बी.एस्सी. झाले आणि सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. तेव्हा पुण्यात दर दोन घरांआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि दर चार घरांआड एक मुलगा अमेरिकेला निघाला होता. माझ्याबरोबरच्या मुली काचेच्या इमारतींमध्ये नोकरीला लागल्या, गळ्यात पट्टे अडकवून फिरू लागल्या. मी मात्र विहिरींत पडले. म्हणजे भूजलावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मला नोकरी मिळाली. पुणे आणि आसपासच्या विहिरींची पाणीपातळी वर्षानुवर्षं नोंदवलेल्या जाडजूड वह्या होत्या, त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या. लग्नाच्या बाजारात "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगायला ते पुरत होतं, म्हणून आईही खूश होती.

त्या वह्या ज्यांनी लिहिल्या ते आमचे काका. नात्याने कोणी नव्हते. हुद्दा क्षेत्र सहाय्यक, पण मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही. सडसडीत माणूस, शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक खडू. खडू कशाला, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. विहिरीत पोलादी टेप सोडायची तर तिच्या खालच्या टोकाला खडू फासतात. टेप वर काढली की खडू जिथवर ओला झालेला असेल तिथवर पाणी. काका ती रेघ डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचत आणि मगच वहीत लिहीत. दर पंधरवड्याला प्रत्येक विहिरीवर एक फेरी. कसब्यातल्या बोळातली विहीर, कर्वेनगरातल्या बंगल्यामागची, थेट वाघोलीच्या शेतातली, अशा बऱ्याच. संस्थेने त्यांना मोपेड दिली ती अगदी शेवटी शेवटी.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, आणि खरं सांगायचं तर मला नोकरीत टिकवलं ते त्या रकान्याने. कधी पातळी मोजता आली नाही तर काका आकड्याच्या जागी एक आडवी रेघ मारत आणि शेऱ्यात कारण लिहीत. "मालक घरी नाहीत. कुत्रा घरी आहे." "कट्ट्यावर पापड वाळत. बाई हलवू देत नाहीत." "सरकारी आहात का विचारले. नाही म्हटल्यावर दार लावले." कसब्यातल्या एका विहिरीपुढे लागोपाठ चार वेळा होतं, "झाकणाला नवीन कुलूप. किल्ली धाकट्या भावाकडे. दोघे बोलत नाहीत." पाचव्या वेळी आकडा होता आणि शेरा: "मोठे वारले. कुलूप काढले." मी एकटी बसून टाइप करताना हसायची, आणि हे वाचलं त्या दिवशी मात्र जरा वेळ हात चालले नाहीत.

काका म्हणजे रोज सकाळी बुद्धापुढे पंचशील म्हणून घराबाहेर पडणारा माणूस. खोटं बोलायचं नाही, हे ते पुस्तकातल्यासारखं कधी सांगत नसत, नुसते तसे वागत. एकदा आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, त्यांना बोलावून म्हटलं, "अहो, ह्या रेघा फार दिसतात. मागच्या वेळी जे होतं त्याच्या आसपास काहीतरी लिहून टाकत जा."

काका म्हणाले, "आसपास म्हणजे किती, सर?"

सर पुढ्यातली वही चाळायला लागले.

"मग तुम्ही आकडा लिहून द्या. मी वहीत तुमच्या सहीने चढवतो."

पुन्हा तो विषय निघाला नाही. पुढे जे घडलं त्यात पणाला काय लागलं, ते इथेच सांगून टाकते: या माणसाने तीस वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं, हे लोकांनी खरं मानायचं की नाही. आणि ते पणाला लावलं मी. कोणी सांगितलं होतं मला एवढी हुशारी करायला, देव जाणे.

झालं असं, की वह्या चढवून संपत आल्या आणि सरांना स्वप्नं पडायला लागली. फलकावरचं बातमीपत्र ते रोज जाता-येता वाचायचे. एके दिवशी म्हणाले, "आपल्या विहिरी का नकोत यात?" मी म्हटलं, जरूर असाव्यात. मग आम्ही दोघं पडद्यापुढे बसलो. आकड्यांच्या रांगा एकीखाली एक छान लागल्या होत्या, आणि मध्ये मध्ये पांढऱ्या रिकाम्या चौकटी. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी ओळीने तीस-चाळीस.

सर म्हणाले, "हे असं पाठवायचं? त्यांना वाटेल, इथली माणसं कामावरच जात नाहीत. बघा काही करता येतं का."

ते वाईट नव्हते हो. इस्त्रीच्या शर्टातले भित्रे गृहस्थ. आणि मला त्यांचं पटलं, हे मी लपवणार नाही. आमच्या घरी शेजारणीकडून वाटीभर उसळ आली तर ती वाटी कधी रिकामी परत गेलेली मला आठवत नाही. दुसरं काही नसेल तर आई चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामी वाटी परत पाठवणारं घर म्हणजे काय घर, असं तिचं मत. तेव्हा सातासमुद्रापार रिकाम्या चौकटी पाठवायच्या या कल्पनेने मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी साखर घातली. आधीचा आकडा घ्यायचा, नंतरचा घ्यायचा, आणि मधल्या जागा बेताबेताने चढत्या किंवा उतरत्या भरत जायच्या. कोर्समध्ये शिकलेलं सूत्र होतं, एका दुपारचं काम. शेऱ्याचा रकाना त्या समुदायाच्या नमुन्यात कुठे बसेना आणि कुत्र्या-पापडांचं इंग्रजी करत कोण बसणार, म्हणून तो सोडून दिला. भरलेली जागा कुठली आणि मोजलेली कुठली, अशी खूण करायचंही सुचलं नाही. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा. आता कसं भरगच्च दिसतंय." मला चक्क अभिमान वाटला.

काकांना मी हे सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. त्यांचं काम विहिरीपाशी संपतं आणि माझं पडद्यावर सुरू होतं, असं मी धरून चालले होते.

नमुन्यात एक प्रश्न होता, माहिती कोणी गोळा केली. सरांनी तिथे स्वतःचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही कधी विहिरीत वाकून तरी पाहिलंय का?" मग मी खाली आणखी एक ओळ करून काकांचं संपूर्ण नाव लिहिलं, निरीक्षक म्हणून. त्या दिवशी मला वाटलं, मी किती न्यायी.

दीड महिन्याने बातमीपत्रात आम्ही आलो. दोनच ओळी, पण आलो. पुणे या शहरातल्या विहिरींच्या तीस वर्षांच्या नोंदी, आणि काकांचं नाव इंग्रजीत, शुद्धलेखनाची एकही चूक न होता. काकांनी दोन प्रती मागून घेतल्या. त्यांची मुलगी इंजिनिअर होऊन नुकतीच एका कंपनीत लागली होती. तिने ती प्रत प्लास्टिकमध्ये मढवून आणली आणि घरात दर्शनी भिंतीवर लावली. हे मला काकांनी सांगितलं, तेही दुसरंच काहीतरी बोलता बोलता. वर म्हणाले, "आता ती पण ते मागवते कॉम्प्युटरवर. दर महिन्याला वाचते."

आणि मग आमच्या अंगाशी आलं. परदेशातल्या कोणी शंका काढली असती तर एक वेळ ठीक होतं. काढली ती वाघोलीतल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकाने. एक लोकल फोन फिरवला असता तर मी सगळं सांगितलं असतं. पण पुण्याच्या माणसाची चूक पुण्याचाच माणूस काढतो आणि ती चार लोकांत काढतो, ही आमच्याकडची रीत आहे. त्यांनी समुदायाच्या चर्चेत अतिशय सभ्य इंग्रजीत लिहिलं: वाघोलीची जी विहीर आपण दाखवली आहे ती आमच्या वसतिगृहाच्या बांधकामात दीड वर्ष मातीने पूर्ण बुजवलेली होती, मला माझ्या खिडकीतून रोज दिसत होती. जागेच्या मालकाने भांडून ती पुन्हा उकरून घेतली. मधल्या काळात निरीक्षकांनी तिच्यातलं पाणी दर पंधरा दिवसांनी मोजलेलं दिसतं. ते त्यांनी कसं मोजलं, हे समजून घ्यायला आवडेल.

वाघोलीची वही उघडून बघायचीही मला गरज नव्हती. कारण मला ती विहीर पाठ होती. दीड वर्ष काकांनी रेघ मारून लिहिलं होतं, "विहीर बुजवली. ट्रक उभे." मग "मालक भांडत आहेत." मग "मालक कोर्टात." आणि शेवटी "विहीर उकरली. पाणी गढूळ." मी ते वाचून हसले होते. आणि तरीही सूत्र लावताना माउस नुसता खाली ओढत गेले, आणि माती-राडारोड्याने भरलेल्या विहिरीत पाणी शांतपणे बोट बोट चढवत नेलं.

पुढच्या बातमीपत्रात तीन ओळी होत्या. पुण्याच्या नोंदी तूर्त बाजूला ठेवल्या आहेत. निरीक्षकाच्या नोंदी कितपत विश्वासार्ह आहेत यावर पुढच्या बैठकीत चर्चा होईल. नाव दिलं नव्हतं, पण निरीक्षक तर एकच होता. मी ते छापलं आणि फलकावर लावलं नाही. मागच्या महिन्याचंच राहू दिलं. जणू फलकावर नसेल तर ते झालंच नाही.

दोन दिवसांनी काका माझ्या टेबलापाशी आले. हातात वाघोलीची वही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, मुलगी म्हणते, मी बुजलेल्या विहिरीत पाणी मोजलं असं तिकडे छापून आलंय."

मी म्हटलं, "हो, काहीतरी गोंधळ झालाय, काका."

त्यांनी वही उघडली, पानावर बोट ठेवलं. "इथे रेघ आहे. इथेही आहे. इथेही." एकेक करत त्यांनी पान संपवलं. "मग आकडा आला कुठून?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना सगळं कळलंय. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, ते खरंच विचारत होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं मला. बाहेर पडलं ते असं: "मी बघते, काका."

"बघा," ते म्हणाले, आणि वही माझ्यापाशी ठेवून गेले.

मी सरांकडे गेले. सरांनी उपाय आधीच शोधून ठेवला होता. "निरीक्षकाची नजरचूक, असं कळवून टाकू. चारदोन महिन्यांत ते निवृत्तच होताहेत. त्यांना कुठे परदेशी जायचंय?"

"सर, चूक माझी आहे. आणि थोडी तुमची."

"अहो, संस्थेचं नाव आहे त्यात. तुमचं माझं सोडा." सर माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत राहिले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर मला त्यात सुटका दिसली होती.

बैठक दोन महिन्यांनी, तिकडे त्यांच्या शहरात होती आणि आम्ही फोनवरून त्यात भाग घ्यायचा होता. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन संस्थेत एकच, सरांच्या केबिनमध्ये. दुपारी साडेचारची वेळ दिली होती. मी काकांना बोलावून आणलं. सरांच्या कपाळाला आठी पडली, पण मी परत दिलेली वाघोलीची वही आणि आणखी दोन वह्या मांडीवर घेऊन काका खुर्चीच्या कडेवर बसलेसुद्धा होते. बातमीपत्र काढणाऱ्या बाई तिकडून बोलत होत्या. गोड आवाज, सावकाश इंग्रजी. आधीचे विषय संपता संपेनात. एक कार्यगट बंद करावा की नाही यावर वीस मिनिटं गेली आणि तो बंद करण्यासाठी तिघांचा गट नेमला. एरवी मी जाम हसले असते.

मग आमचा विषय आला. सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "आमच्या निरीक्षकाकडून..."

"नाही," मी म्हणाले. इंग्रजीत. "निरीक्षकाने काहीच लिहिलं नव्हतं. मी लिहिलं."

माझं इंग्रजी पुस्तकी. घाईत तर ते आणखीच सरकारी अर्जासारखं होतं. तरी मी सांगत गेले. रेघा कुठे होत्या, त्या मी कशा भरल्या, खूण का केली नाही. सर पेपरवेटकडे बघत होते. पलीकडून बाईंनी विचारलं, पण का भरल्या? मी काय सांगणार, मी त्यांना शेजारणीच्या वाटीची गोष्ट सांगितली. मग एक घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. त्यांनी विचारलं, जिथे आकडा नव्हता तिथे त्या गृहस्थांनी काय लिहिलं होतं?

मी काकांच्या मांडीवरून वह्या घेतल्या आणि शेरे वाचायला लागले, तिथल्या तिथे इंग्रजी करत. कुत्रा घरी आहे, यावर कोणीतरी खुदकन हसलं. पापडांना काय म्हणायचं ते मला सुचेना, म्हणून ते काय असतं ते सांगावं लागलं, आणि मग मोठा हशा झाला. ट्रक आणि कोर्ट वाचलं तेव्हा मात्र कोणीतरी म्हणालं, पुन्हा वाचा. वाघोलीचे प्राध्यापकही फोनवर होते. त्यांनी समंजसपणे सांगितलं, ट्रक तिथेच उभे असायचे, अगदी बरोबर. शेवटी त्या घोगऱ्या आवाजाने निकाल दिला: भरलेले आकडे काढून टाका, जागा रिकाम्या ठेवा आणि शेरे जसेच्या तसे पाठवा. शहर विहिरी कसं गिळत गेलं हे इतक्या काळजीने लिहिलेलं आम्ही दुसरीकडे पाहिलेलं नाही.

फोन बंद झाला. सर चहाला निघून गेले. मला हलकं हलकं वाटत होतं. काकांनी वह्या उचलल्या.

"काय ठरलं, मॅडम?"

"सगळं मिटलं, काका. तुमची काही चूक नाही हे त्यांनी मान्य केलं."

"ते हसत होते."

"चांगल्या अर्थाने हो."

"बरं," काका म्हणाले आणि वह्या काखेत मारून गेले. मी घरी जाताना चांगले मोठे दोन वडापाव खाल्ले. एवढं मोठं काम केलं होतं ना मी.

महिन्याभराने दुरुस्ती छापून आली. फलकावर लावायच्या आधी मी एक प्रत पर्समध्ये घातली, पाव किलो पेढे घेतले आणि रविवारी सकाळी कर्वेनगरला काकांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते, हे मला त्यांचा जिना चढताना लक्षात आलं. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, पुढे मेणबत्ती. दर्शनी भिंतीवर एक खिळा होता आणि त्याला काहीच टांगलेलं नव्हतं. काका बनियनवर होते, मला बघून लगबगीने शर्ट घालायला आत गेले.

मुलीने पाणी आणून दिलं. मी कागद तिच्या हातात ठेवला. "वाच मोठ्याने," मी म्हटलं. "बाबांना मराठीतून सांग." माझ्या मनात तेव्हा काय होतं, तर आता सगळ्यांचे डोळे भरून येणार, आणि त्यात माझेही.

तिने वाचायला सुरुवात केली. काका येऊन बसले. पुण्याच्या नोंदी पुन्हा खुल्या केल्या आहेत. निरीक्षकाच्या मूळ वहीत त्या जागा रिकाम्याच होत्या. नंतर कार्यालयात माहिती चढवणाऱ्या व्यक्तीने त्या भरल्या होत्या, आणि त्या व्यक्तीने हे स्वतः बैठकीत सांगितलं.

काकांनी विचारलं, "कोणत्या व्यक्तीने?"

मुलीने कागद खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत?"

"बैठकीत सांगितलं ना मी. ते तिथेच बसले होते."

"इंग्रजीत?"

मी पेढ्यांचा पुडा मांडीवर ओढून घेतला.

"तीन महिने," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, चढवला असता तर बरं झालं असतं. "वाघोलीची बातमी आली त्या दिवशी मी बाबांना विचारलं, तुम्ही नक्की जायचात ना हो विहिरीवर? मी विचारलं त्यांना हे. तो कागद त्यांनी स्वतःच भिंतीवरून काढून ठेवला. आणि तुम्ही साऱ्या जगाला सांगून आलात, फक्त यांना नाही."

पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर तसाच होता. मला माझीच लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी कळत नव्हतं. मी काकांकडे वळले आणि बोलले. म्हटलं, काका, मी भरले ते आकडे. तुमच्या रेघा दिसल्या की बरं दिसणार नाही असं वाटलं म्हणून भरले. शेरे तर पाठवलेच नाहीत. तुम्ही वही घेऊन आलात त्या दिवशी मला माहीत होतं, आणि मी बघते म्हणाले. चुकलं माझं. इतकं सरळ मराठी मी त्याआधी आणि त्यानंतर क्वचितच बोलले असेन.

काकांनी मुलीच्या हातातला कागद घेतला आणि त्याची नीट घडी केली. मग त्यांनी विचारलं, "किती जागा होत्या, मॅडम?"

"पुष्कळ. सगळ्या विहिरींच्या मिळून पुष्कळ."

त्यांनी मान हलवली. राग दिसत नव्हता. तो असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं.

"जिथे आकडा आहे तिथे कोणाला काही सांगावं लागत नाही," ते म्हणाले. "आकडा आहे म्हणजे माणूस गेला होता. रेघ मारली त्या दिवसाचं मात्र माझ्यापाशी त्या शेऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तेवढाच तुम्ही वगळलात. त्या प्रत्येक दिवशी मी गेलो होतो, मॅडम. वाघोलीपर्यंत. सायकलवर."